इंदूरमध्ये राहून वजन कमी करायचंय? आधी शेवेचा डबा काट्यावर ठेवा

दोन-अडीच वर्षांपूर्वी रंगपंचमीला आम्ही गेर, म्हणजे इथली रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याजवळ मावससासूबाईंकडे गेलो होतो. त्यांची गच्ची चौथ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर मी जिन्यातच बसले, म्हटलं तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. खालून गेर गेली, पाण्याचे टँकर गेले, गुलाल उडाला, आणि मी जिन्यातल्या जाळीतून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. वय ४१, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७८.४ किलो.

त्यानंतर पहिला प्रयत्न केला तो साफ फसला. एका डाएटवाल्यांकडे पैसे भरले, त्यांनी छापील कागद दिला, ओट्स, किन्वा, ॲव्होकॅडो, रात्री नुसतं सूप. दीड महिन्यात ५ किलो उतरले, केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले, घरात सगळ्यांवर खेकसत होते, आणि पुढच्या चार महिन्यांत ते पाचही परत आले. दुसऱ्यांदा घरच्याच जेवणावर केलं, १३ महिन्यांत ७८ चे ६६ झाले आणि गेले आठ महिने तिथेच आसपास आहे. आमच्या भिशीतल्या बायका सारख्या विचारतात काय केलंस काय केलंस, एकेकीला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून हे एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही, फक्त यातून गेलेली आहे हे लक्षात ठेवून वाचा.

१. आधी डॉक्टर, मग डाएट

हे कोणी करत नाही, मीही पहिल्या वेळी केलं नव्हतं. आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि सांगा वजन कमी करायचंय, कुठल्या तपासण्या करू. मला लिहून दिल्या त्या अशा: हिमोग्लोबिन, उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइडसाठी टीएसएच, कोलेस्टेरॉलची लिपिड प्रोफाइल, बी-१२ आणि डी व्हिटॅमिन. माझं बी-१२ आणि डी दोन्ही तळाला निघाले, शाकाहारी घरात हे फार कॉमन आहे म्हणाले. आता थकवा येत होता तो वजनामुळे का बी-१२ मुळे, देव जाणे, पण गोळ्या सुरू झाल्यावर निदान चालायला तरी उत्साह आला.

जाताना सोबत न्यायच्या गोष्टी: जुने रिपोर्ट असतील ते सगळे, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत, पाकिटंच न्या), आणि घरात आईवडिलांना डायबेटिस, बीपी, थायरॉइड काय आहे त्याची चिठ्ठी.

ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर स्वतःच्या मनाने जेवण अजिबात कमी करायचं नाही. गोळी तेवढीच आणि जेवण अर्धं झालं की शुगर खाली जाते, चक्कर येते, पडायला होतं. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, किडनीचा त्रास असेल तर पुढचं काहीच वाचून करू नका, डॉक्टर सांगतील ते करा.

किती कमी करायचं याचा अंदाज हवा असेल तर वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला उंची मीटरमध्ये गुणिले उंची याने भागा, म्हणजे बीएमआय. माझा ३२ आला होता. आपल्या भारतीय लोकांसाठी २३ च्या वर गेलं की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, गोऱ्या लोकांपेक्षा आपली रेघ खाली आहे कारण आपल्याकडे चरबी पोटावर साठते आणि शुगर लवकर मागे लागते. कंबर पण मोजा. बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांची ९० च्या वर असेल तर काट्यावर कितीही बरा आकडा येवो, काम आहे.

२. सामान काय लागतं

फार काही नाही. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा डिजिटल काटा, जो ग्रॅम दाखवतो. हा सगळ्यात महत्त्वाचा, जिमच्या फीपेक्षा खूप स्वस्तात येतो. वजनाचा काटा, शिंप्याची टेप, ५ मिलीचा मापाचा चमचा (औषधाच्या बाटलीबरोबर येतो तोही चालतो), एक वही आणि रोजची ठरलेली एक वाटी. ही वाटी बदलायची नाही. आमच्याकडे सासूबाईंच्या रुखवतातली वाटी आहे तिच्यात आणि मुलीच्या नव्या वाटीत जवळजवळ अर्ध्या पळीचा फरक निघाला, म्हणजे "मी एकच वाटी भात खाते" याला काही अर्थच नसतो.

काय लागत नाही तेही सांगते. पावडरचे डबे, ग्रीन टी, चिया, ॲपल सायडर व्हिनेगर, घाम आणणारा पट्टा. सकाळी सकाळी "शेक" पाजणारे आणि तुम्हालाच पुढे मेंबर करायला सांगणारे लोक भेटतील, त्यांना लांबून नमस्कार.

३. पहिले सात दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

इथेच सगळ्यांची घाई होते. सोमवारपासून डाएट म्हणतात आणि सोमवारपासून एकदम उकडलेलं खायला लागतात. तसं नको. एक आठवडा नेहमीसारखं खा पण तोंडात जे जाईल ते सगळं वहीत लिहा, शक्य असेल तर काट्यावर ठेवून.

माझी वही अजून आहे. पहिल्या दिवशी लिहिलंय: सकाळी चहा, पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, संध्याकाळी चहा, रात्री दोन पोळ्या भाजी. बघितलं तर वाटेल ही बाई तर काहीच खात नाही, हिचं वजन वाढतं कसं? मलाही तसंच वाटायचं, सगळ्यांना सांगायचे की मी हवा खाल्ली तरी फुगते. दुसऱ्या दिवशी ठरवलं की शेव पण मोजायची. मी काय केलं, सकाळी एका डब्यात शेव मोजून १५० ग्रॅम भरली आणि म्हटलं आज मी फक्त यातलीच खाणार, बाकीच्यांसाठी वेगळा डबा. पोह्यांवर, मग दुपारी वरण-भातावर, मग मुलीला शिकवता शिकवता एक चिमूट, चहाबरोबर एक मूठ, आणि रात्री ओटा पुसताना डबा वर ठेवायच्या आधी परत एक. रात्री डबा काट्यावर ठेवला तर ८८ ग्रॅम उरली होती. म्हणजे ६२ ग्रॅम पोटात. शेव म्हणजे बेसन आणि तेल, १०० ग्रॅमला साडेपाचशे कॅलरी सहज असतात, तर ६२ ग्रॅमच्या झाल्या तीनशे चाळीस. तीन फुलके आणि वर थोडं. आणि ही कुठे लिहिलेलीच नव्हती कारण शेव आपण खात नाही, शेव आपण टाकतो.

इंदूरच्या मराठी घराचं हेच गणित आहे. पुण्याच्या नातेवाइकांना हसू येतं पण आपल्याकडे शेव ही भाजी, कोशिंबीर आणि मुखवास तिन्हीच्या जागी चालते. लवंग शेव वेगळी, रतलामी वेगळी, लसूण वेगळी, पाहुणे येवोत न येवोत तीन डबे भरलेले असतातच.

वहीत आणखी एक निघालं, चहा. तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम साखर नुसत्या चहात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. माझा कोटा चहातच संपून वर उधारी.

तुमच्या वहीत कदाचित शेव नसेल, मुलांच्या ताटातलं उरलेलं असेल, ऑफिसातली कचोरी असेल, रात्रीचं दूध-रबडी असेल. पण काहीतरी एक न लिहिलेलं सापडेलच. ते सापडेपर्यंत डाएट सुरू करू नका.

४. तेलाचा हिशोब किराण्याच्या बिलावर करा

रोज कढईत किती तेल घातलं हे मोजायला कोणाला वेळ आहे? सोपी पद्धत सांगते. महिन्याला तेल किती येतं ते किराण्याच्या यादीत बघा. आमच्याकडे पाच माणसं, महिन्याला ७ लिटर. ७ लिटर म्हणजे साधारण साडेसहा किलो, भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस: माणशी रोज ४३ ग्रॅम. तूप वेगळंच, आणि बाहेरचं तर कोण मोजतंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या ताटासाठी तेल-तूप सगळं धरून २७ ग्रॅम दिलंय. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, धान्यातल्या स्टार्चमध्ये आणि डाळीतल्या प्रोटीनमध्ये ४, त्यामुळे जेवणाचं प्रमाण तेवढंच ठेवून कॅलरी कमी करायच्या तर तेलाएवढी सोपी जागा नाही.

मी एकदम कमी केलं नाही, घरात बंड झालं असतं. पहिल्या महिन्यात यादीतच ६ लिटर लिहिलं, दुसऱ्या महिन्यात साडेपाच, आता साडेचार. डब्यातली मोठी पळी काढून टाकली आणि चमचा ठेवला, एवढंच. सासूबाईंनी दोन दिवस "भाजी कोरडी लागतेय गं" म्हटलं, मग त्यात टोमॅटो आणि दाण्याच्या कुटाऐवजी थोडं ताक घालायला लागले तर तेही बंद झालं. फोडणी बंद करायची नाही बरं का, फोडणीशिवाय वरण म्हणजे आजाऱ्याचं जेवण, आणि आजाऱ्याचं जेवण कोणी वर्षभर जेवत नाही. एक चमचा तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी ४०-४५ कॅलरीची असते, त्याने काही बिघडत नाही.

सावधान: "हेल्दी तेल" हा सापळा आहे. ऑलिव्ह असो, घाण्याचं असो, राइस ब्रान असो, कॅलरी सगळ्यांच्या सारख्याच.

५. ताट तेच, वाढायची जागा बदला

आपलं जुनं मराठी ताट आठवा, डावीकडे चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, मध्ये पोळी-भात. रचना उत्तम आहे, फक्त आपण डावी-उजवी बाजू चमचाभर केली आणि मधलं डोंगराएवढं. मी एवढंच केलं की अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ, उसळ, पनीर, दही यांचं, आणि उरलेलं पाव पोळी किंवा भाताचं. दोन्ही हवं असेल तर एक फुलका आणि अर्धी वाटी भात. भाजी म्हणजे बटाटा नाही, साबुदाण्याची खिचडी तर नाहीच नाही.

प्रोटीनबद्दल जरा थांबून सांगते कारण पहिल्या वेळी माझे केस बहुतेक त्यामुळेच गेले. साधारण माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं असं आपल्याकडचं प्रमाण आहे, म्हणजे मला पन्नास-साठ ग्रॅम. आणि आपलं पातळ वरण? एका वाटीत कोरडी तुरीची डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम असते, प्रोटीन ४ ग्रॅम. म्हणजे दोन वाट्या वरण पिऊन "डाळ खाते की" म्हणणं फसवं आहे. घट्ट वरण करा, मटकी-मूग-चवळीची उसळ रोज एका जेवणाला ठेवा, घरचं दही, ५० ग्रॅम पनीर (त्यात ९ ग्रॅमच्या आसपास), सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम कोरड्या घेतल्या तर १५ ग्रॅम प्रोटीन. अंडं खात असाल तर एकात ६ ग्रॅम, सोपं काम. आमच्याकडे अंडं घरात शिजत नाही, नवरा गॅलरीत इंडक्शनवर उकडतो.

माझा साधा दिवस असा जातो: सकाळी अर्धा कप चहा बिनसाखरेचा, साडेनऊला मुगाचं धिरडं किंवा पोहे आणि दही, दीडला दोन फुलके, भाजी, घट्ट वरण किंवा उसळ, काकडी-टोमॅटो, ताक, पाचला चहा आणि भाजलेले चणे किंवा पेरू, आठला एक फुलका, भाजी, पनीर किंवा उसळ. रविवारी दाल-बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) असतील तर एक बाफला, कुस्करून तुपात बुडवून नाही, वरून एक चमचा तूप. (ज्यांनी बाफला असा खाल्लाय त्यांना माहितीये हे दुःख काय आहे.)

६. पोहे निर्दोष आहेत, जिलबी नाही

बाहेरगावचे डाएटवाले पहिल्यांदा पोहे बंद करतात. मला हे पटत नाही. आपले इंदुरी पोहे भांड्यावर वाफेवर होतात, तेल त्यात घरच्या कांदेपोह्यांपेक्षा कमीच असतं. ५० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे १७५ कॅलरी, तेल-दाणे धरून तीनशेच्या आसपास नाश्ता झाला. वाईट काय आहे? वाईट आहे वरची मूठभर शेव आणि शेजारची जिलबी आणि "भिया थोडी सेव और" म्हणायची सवय. गाड्यावर गेलात तर शेव बाजूला कागदावर मागा, स्वतःच्या हाताने चिमूटभर घाला, कांदा, लिंबू, जीरावन हवं तेवढं घ्या, जीरावन मसाल्याला कॅलरी नगण्य आहेत, मीठ मात्र असतं, बीपीवाल्यांनी जपून. उसळ-पोहे मिळत असतील तर ते जास्त चांगले, तर्री वरची सोडून. घरी पोह्यात मटार, गाजर, मोड आलेले मूग घाला, पोट दुपारपर्यंत भरलेलं राहतं.

जिलबी मी महिन्यातून एकदा खाते, गरम, दोन. गार जिलबी कधीच नाही, तिच्यासाठी कॅलरी घालवायच्या नाहीत हा माझा नियम आहे.

७. सराफ्याचं काय करायचं

सराफा सोडायचा नाही. सोडलात तर तीन आठवड्यांनी एका रात्री जाऊन सगळं वसूल कराल, मी केलंय. दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांसमोर खाणं, अशी जागा गावात असताना तिथे न जाणं हे कोणाला जमणार?

माझे नियम लिहून देते, तुम्ही तुमचे करा.

महिन्यातून एक रात्र, तारीख आधी ठरवायची. घरून जेवून जायचं नाही, ही सगळ्यांची चूक आहे, "पोट भरलेलं असलं की कमी खाल्लं जातं" हे सराफ्यात खोटं ठरतं, जेवणावर तेवढंच जातं. सराफा हेच जेवण. आधी एक फेरी न खाता मारायची. मग एक तळलेलं, एक न तळलेलं, एक गोड, आणि प्रत्येक गोष्ट दोघांत. हिवाळ्यात गराडू असतो, तो म्हणजे कंद तळून वर मसाला-लिंबू, दोघांत एक प्लेट भरपूर. भुट्ट्याचा कीस ऐकायला मक्याचा म्हणून हलका वाटतो पण दूध-तुपात शिजतो, तरी तळणापेक्षा मला बरा. दहीवडा चालेल. शिकंजी हे इंदुरात सरबत नाही, आटवलेल्या दुधाचं जाड पेय आहे, बाहेरचा पाहुणा लिंबूपाणी समजून मागतो आणि फसतो, ते गोडात धरा. गोडात मग रबडी किंवा मालपुवा किंवा शिकंजी, तीनपैकी एक. मावाबाटी मी सोडली, ती मला दोघांतही पुरून उरते.

छप्पनचं, म्हणजे छप्पन दुकान या खाऊगल्लीचं तसंच, पण तिथला धोका वेगळा आहे, छप्पनला आपण दिवसा "सहज" जातो, ठरवून नाही. खोबऱ्याचं पॅटीस सहज, मग वर एक हॉटडॉग सहज. सहज बंद करा, तारीख ठरवा.

८. दीक्षित, दिवेकर का सोळा तास? प्लॅन कसा निवडायचा

आपल्या मराठी घरांमध्ये हे दोन पक्षच आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मध्ये खायचं नाही. ऋजुता दिवेकर सांगतात आपलं घरचं, आपल्या भागातलं, थोडं थोडं वेळेवर खा, तुपाला घाबरू नका. आमच्या घरात मोठे दीर दीक्षितवाले आणि नणंद दिवेकरवाली, गणपतीत एकत्र आले की आरतीनंतर वाद ठरलेला. दिरांचं ९ किलो उतरलं, नणंदेचं ६. म्हणजे दोन उलट्या गोष्टी सांगणाऱ्यांकडून दोघांचंही उतरलं! कारण दोघांनीही येताजाताचं खाणं बंद केलं, बिस्किटं गेली, फरसाण गेलं, साखर कमी झाली. वजन उतरतं ते जितकं खर्च होतं त्यापेक्षा कमी आत गेल्यावर. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, रोजच्या ५०० कमी झाल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या जवळपास. प्लॅन हे त्या ५०० कमी करायचे वेगवेगळे रस्ते आहेत.

मग तुमचा कुठला? स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला सकाळी खरंच भूक लागते का? लागत नसेल तर दोन जेवणं किंवा सोळा तास उपाशी-आठ तास खाणं सोपं जाईल. मला भूक लागली की डोकं दुखतं, चिडचिड होते का? मग दोन जेवणं तुमच्यासाठी नाहीत. आणि हा प्लॅन मी दिवाळीत, लग्नात आणि घरात पाहुणे असताना पाळू शकेन का? नाही असं उत्तर आलं तर तो प्लॅन दोन महिन्यांचा पाहुणा आहे. मी तीन जेवणं आणि पाच वाजताचं एक छोटं खाणं असं ठेवलं कारण दोन जेवणांत माझं दुसरं जेवण म्हणजे दरोडा व्हायचा.

महिन्यात दहा किलोवाले, नुसत्या ज्यूसवाले, पोळी-भात पूर्ण बंदवाले यांच्या नादी लागू नका. खूप झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो, बस.

९. उपवास: एकादशी दुप्पट खाशी

आपल्या पूर्वजांनी म्हण करून ठेवलीये, तरी आपण सुधरत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात दाण्याचा कूट आणि तूप, बरोबर बटाट्याचे चिप्स. आमच्या इंदुरात तर साबुदाण्याच्या खिचडीवरही फराळी मिक्स्चर घालतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यात सात-आठ उपवास, आणि दर उपवासाला नेहमीपेक्षा जास्त खाणं. मी उपवास सोडले नाहीत, सासूबाईंना वाईट वाटलं असतं. भगर आणि दाण्याची पातळ आमटी (दुकानात भगर म्हटलं तर इथे कळत नाही, मोरधन मागा), राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, दूध, फळ. साबुदाणा महाशिवरात्रीला आणि आषाढीला, एक वाटी.

१०. काटा खोटं बोलतो, रोज नाही पण अधूनमधून

पहिल्या आठवड्यात माझं २.१ किलो उतरलं, मी पेढे वाटायचीच बाकी होते. ते पाणी असतं. शरीरात साठवलेली साखर पाणी धरून बसते, खाणं कमी झालं की ती वापरली जाते आणि पाणी निघून जातं. दुसऱ्या आठवड्यात ३०० ग्रॅम उतरलं तेव्हा मी रडकुंडीला आले, पण खरी चरबी तीच होती. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, की एक-दीड किलो रात्रीत वर जातं. म्हणून सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा, एका दिवसाचा आकडा धरून बसू नका. पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजा.

सहाव्या महिन्यात ७१ वर गाडी अडली, पाच आठवडे हलेना. वही परत काढली तर शेव पुन्हा चोरपावलांनी आली होती, आणि शिवाय वजन कमी झालं की शरीराची गरजही कमी होते, ७८ किलोच्या बाईला जेवढं लागतं तेवढं ७१ ला लागत नाही. रात्रीचा भात काढला, चालणं वाढवलं, सुटली.

चालण्याबद्दल थोडक्यात. नेहरू पार्क, मेघदूत, नाहीतर घरासमोरची गल्ली, कुठेही. रोज ४० मिनिटं, आणि रात्री जेवल्यावर दहा मिनिटं. त्याने वजन एकट्याने उतरत नाही, एक कचोरी खाऊन तेवढं चालायला तास जातो, पण चाललं की झोप लागते आणि झोप लागली की अकरा वाजता डबे उघडले जात नाहीत. आठवड्यातून दोनदा घरीच उठाबशा आणि भिंतीला हात टेकून दंड.

११. आग्रह

सगळ्यात कठीण हाच भाग आणि याला काही काटा नाही. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, "एक घे गं, एकाने काय होतंय", "आमच्याकडचं नाही चालत का?" डाएट हा शब्द उच्चारायचाच नाही, उच्चारला की चर्चासत्र सुरू होतं आणि ज्यांनी आयुष्यात वजन केलं नाही त्या पण सल्ला देतात. मी काय करते, वाढणारीने पुढे यायच्या आधीच ताटात थोडं ठेवते, रिकामं ताट दिसलं की वाढलंच जातं. लाडू असेल तर म्हणते "घरी नेऊ का, मुलीला आवडतो", सगळ्या खूश. मुलीला खरंच आवडतो. "आज पित्त झालंय" हे तर सर्वमान्य आहे, पित्ताला मराठी माणूस मान देतो.

सासूबाईंशी मात्र खोटं नाही बोलले. त्यांना सांगितलं, आई, मला तिसऱ्या मजल्यावर बसावं लागलं ते मला नको आहे. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोळ्यांना तूप लावणं त्यांनी आपणहून सोडलं, आणि शेवेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला, जिथे त्यांचा स्वतःचाही हात पोचत नाही.

"किती वाळलीस, चेहरा उतरलाय, बरं नाहीये का" हे आठ किलोनंतर सुरू होतं. हिमोग्लोबिनचा नवा रिपोर्ट जवळ ठेवा. तीन महिन्यांनी तपासण्या परत करायच्याच असतात. केस खूप गळायला लागले, पाळी चुकली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, "पुढच्या आठवड्यात बघू" असं नको.

१२. ब्लाउज

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. चार-पाच किलो उतरले की लगेच सगळे ब्लाउज घेऊन शिंप्याकडे पळू नका. मी पळाले, त्याने चौदा ब्लाउज कापून बारीक केले, चार महिन्यांनी तेही ढगळ झाले आणि दोन वेळचे पैसे गेले. आधी दोनच दाबून घ्या, टाके घालून, आणि त्याला स्पष्ट सांगा की आतलं कापड कापू नकोस. वजन एका जागी तीन महिने थांबलं की मग बाकीचे. कापड आत राहिलेलं बरं असतं, दिवाळी दरवर्षी येते.